क्राकूफचा चौक आईला घेऊन कसा फिरावा?
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. सप्टेंबरात आईला घेऊन पोलंडला, क्राकूफला चाललोय. आम्ही कोल्हापूरचे, वळिवड्याच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीच्या गोष्टी ऐकत आई मोठी झाली, त्यामुळे हट्ट तिचाच.

१२५७ साली आखलेला तिथला मुख्य चौक एकेका बाजूला जवळपास २०० मीटर, सगळी दगडी फरशी. आईचे गुडघे कुरकुरतात. मधल्या जुन्या कापडबाजाराच्या कमानींखाली घटकाभर टेकता येतं का, की कॉफी घ्यावीच लागते? सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला वाजणारी, सूर मध्येच तुटणारी तुतारी तिला ऐकायचीच आहे. गर्दी कधी कमी असते?

आणि हो, प्लात्स नोवी चौकात अळंबी-चीज घातलेला लांबलचक भाजका पाव मिळतो म्हणे. आई पक्की शाकाहारी. 'बेझ मिएन्सा' (पोलिशमध्ये 'मांसाशिवाय') एवढं पाठ केलंय, भागेल ना?