'स्किन कलर'च्या खडूला मराठीत काय म्हणायचं?

खानापूरकर: पुतणी पहिलीत आहे, मराठी शाळेत. मेणखडूच्या बॉक्समधली ती फिकट गुलाबी-नारिंगी कांडी तिला 'स्किन कलर' म्हणूनच माहिती, चित्रात माणूस आला की तीच घासायची, आणि आमच्या घरात त्या रंगाचं एक माणूस नाही ओ. शब्द सुचवा. 'त्वचारंग' नको, घोटाळा तोच राहतोय.

शहापूरची: अबोली की! गजऱ्यातली जरा जास्त नारिंगी असते, मग फिकी अबोली म्हण. आमच्याकडं विणकरांची घरं, रंगांची नावं साड्यांवरनंच तोंडात बसलीत, मोरपंखी, आमसुली, डाळिंबी, चिंतामणी... आता पोरं खडूच्या कागदावर छापलंय तेच म्हणतात.

निपाणीकर: हे आपल्याकडंच नाही. अमेरिकेतल्या क्रेयोलाचा पहिला बॉक्स १९०३ चा, आठ खडू, पाच सेंट. त्यांच्यात पुढं 'फ्लेश' नावाचाच खडू होता, १९६२ ला त्याचं 'पीच' केलं. 'इंडियन रेड' तर १९९९ पर्यंत होता, नाव खरं भारताकडच्या तांबड्या रंगद्रव्यावरनं पण तिकडच्या पोरांना वाटायचं की तिथल्या मूळ रहिवाशांच्या कातडीचा रंग, म्हणून 'चेस्टनट' झालं. २०२० ला नुसते कातडीच्या छटांचे २४ खडू काढले.

खानापूरकर: मग पीचच म्हणू काय?

शहापूरची: पीच कुठल्या पोराच्या दारात लागतंय? अबोली लागते.

टिळकवाडी: खडूचं झालं, माणसाचं काय? गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा एवढं आहे आपल्याकडं (लग्नाच्या जाहिरातीत मात्र सगळ्यांना 'गोरी'च पाहिजे, तो विषय सोडा). कन्नड पेपरात हरवलेल्या माणसांची पोलिसांची निवेदनं वाचा, गोधी मैबण्ण म्हणजे आपलं गव्हाळ, सादगप्पु म्हणजे साधारण काळा, आणि मधला एण्णेगेंपु. एण्णे तेल, केंपु लाल, म्हणजे तेलकट झाक असलेला तांबूस सावळा. नुसत्या 'सावळा'पेक्षा हे किती नेमकं आहे बघा, सरळ उचलावा मी म्हणतो, अक्का, अण्णा, अडकित्ता उचलले तेव्हा कोण आडवं आलं?

निपाणीकर: उचला, पण पहिलीतल्या पोरीला 'एण्णेगेंपु' म्हणायला लावू नका राव. तिला तांबूस सावळा पुरे.

खानापूरकर: अबोली पटलं तिला. पण लगेच विचारायली, मग आज्जीला कुठला? बॉक्समध्ये तपकिरी एकच, तो लई गडद होतोय.

शहापूरची: आधी पिवळा घासायचा, वरनं तपकिरी हलक्या हातानं. उलटं केलं तर पिवळ्याचं टोक घाण होतंय.