टॅब कपाटात कुलपात, मुलगा मनगट चावतोय: वागणूक सुधारली तरच बोलायला मिळणार का?

मानेवाड्याची आई

माझा मुलगा १९ वर्षांचा. ऑटिझम आहे, तोंडाने बोलत नाही. तो नागपुरातल्या दिव्यांग मुलांच्या ज्या कार्यशाळेत जातो (नाव देत नाही) तिथे मागच्या वर्षी देणगीत आठ टॅब आले. शनिवारच्या पालकसभेत नियम ठरला: नीट वागला तर दुपारी अर्धा तास टॅब, हात उगारला तर आठवडाभर बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विरोध केला, पण बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून इथे लिहिते आहे.

त्या टॅबवर जेलो आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेलं, फुकट, मराठीतही चालणारं ॲप. चित्राला बोट लावलं की ते शब्द बोलतं. माझ्या मुलाची वाचा त्यात आहे. वाचा बक्षीस म्हणून अर्धा तास द्यायची?

गेल्या मे महिन्यात तो रोज मनगट चावायचा, रक्त निघेपर्यंत. वहीत शेरा पडला, ‘आक्रमक’. मी दोन आठवडे तिथे जाऊन बसले आणि वहीत तीन रकाने आखले: आधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यावर त्याला काय मिळालं. अकरा वेळा चावला. त्यातल्या नऊ वेळा हॉलमधला कूलर नुकताच सुरू झाला होता. जुना पत्र्याचा कूलर, मोटर अशी किंचाळायची की माझेच दात शिवशिवत. चावलं की मावशी त्याला व्हरांड्यात नेत. म्हणजे त्या आवाजातून सुटायची त्याला माहीत असलेली वाट एवढीच होती.

मग ‘बाहेर’ असं चित्रकार्ड गळ्यात घातलं. कूलर लागला की मी त्याच्यासमोर त्या कार्डाला बोट लावायची आणि लगेच आम्ही बाहेर. नवव्या दिवशी त्याने स्वतः बोट लावलं. चावणं आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. मोटरीत तेलही घातलं, ते आधीच घालायला हवं होतं.

विशेष शिक्षिका, २१ वर्षं

ताई, तुमच्या वहीला मनापासून मान. पण माझ्या वर्गात २२ मुलं, मी आणि दोन मावशी. रकाने कोणी भरायचे? एकीला शू लागलेली असते, दुसरा गेटकडे पळत असतो.

टॅबचं म्हणाल तर आमच्याकडेही आले. देणाऱ्यांनी फोटो काढले, शिकवायला कोणी आलं नाही. महिन्याभरात त्यावर फक्त यूट्यूब. बंद केलं की डोकं आपटणं सुरू. जे वर्तन कमी करायचं तेच यंत्राने वाढवलं. चित्रकार्डाला चार्जिंग लागत नाही, फुटत नाही. तुमच्या मुलालाही कार्डानेच वाट दाखवली ना? आधी माणसं द्या, मग टॅब.

मानेवाड्याची आई

मॅडम, यूट्यूब उघडतं कारण कोणी अडवलेलं नाही. सेटिंगमध्ये ‘ॲप पिन’ करता येतं, दुसरं काही उघडत नाही. करमणुकीचा टॅब वेगळा, बोलण्याचा वेगळा. आणि कार्डं सहा आहेत. सहा शब्दांत १९ वर्षांच्या मुलाने दिवस कसा काढायचा?

नंदनवनचा बाबा

मला नियम पटला. माझी मोठी मुलगी उलट बोलली तर तिचाही मोबाईल जातो. माझ्या या पोराला वेगळा न्याय काहून? उद्या रस्त्यावर कोणाला मारलं तर लोक ऑटिझम बघत नाहीत, पोट्ट्याला धरून बदडतात. ती भीती रोज पोटात घेऊन मी त्याला ऑटोत बसवतो. दुसरं, टॅबच बोलायला लागला तर तो तोंड कशाला उघडेल?

स्वतः दिव्यांग, सेरेब्रल पाल्सी (मेंदूशी संबंधित हालचालींचं अपंगत्व)

दादा, मोबाईल गेला तरी तुमची मुलगी बोलू शकते.

मी शाळेत मस्ती केली की बाई व्हीलचेअर भिंतीशी लावायच्या आणि मला सतरंजीवर बसवायच्या. मधल्या सुट्टीत सगळे बाहेर, मी पोरांच्या चपला मोजत बसायचो. त्यालाही शिस्तच म्हणायचे. आज २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. कलम ९२ प्रमाणे दिव्यांगाच्या सहायक साधनाच्या वापरात मुद्दाम अडथळा आणणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद. माझ्या मते बोलण्याचा टॅब हे तसंच साधन आहे.

बोलणं खुंटेल ही भीती जुनी आहे. २००६ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एक आढावा निघाला. नीट पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं वाढलं होतं. थोडंच, पण वाढलं.

आणि ताई, एक तुम्हालाही. तुम्ही चावणं किती कमी झालं ते मोजलंत. ती सोय आपल्या सगळ्यांची. त्याच्या गळ्यातल्या सहा कार्डांत ‘नको’ आहे का?

विशेष शिक्षिका, २१ वर्षं

कलमं मावशींवर उगारू नका. तुटपुंज्या पगारात, ४५ अंशांत त्या लंगोट बदलतात. कलम ऐकलं की सोमवारपासून येणार नाहीत, मग मुलं घरी बसतील. शिक्षा करू नये हे मला मान्य. व्हीलचेअरचं वाचून मला माझा एक वर्ग आठवला, त्याबद्दल इथे लिहवत नाही. पण रकाने भरायला माणूस द्या, हा माझा मुद्दा तसाच उभा आहे. पालकांनी आळीपाळीने आठवड्यातला एक तास दिला तरी एका वेळी एका मुलाचं नीट बघून होईल.

नंदनवनचा बाबा

तास मी देईन. पण मारलं तर काहीच करायचं नाही हे मला अजून पटलेलं नाही.

मानेवाड्याची आई

तुमचा ‘नको’चा प्रश्न वाचला त्या रात्री कार्डांची माळ काढून बघितली. पाणी, शू, बाहेर, जेवण, झोप, आई. ‘नको’ नाही. जेलोच्या पडद्यावर ‘नाही’, ‘आवडत नाही’ ही बटणं कडेलाच असतात, पण तो पडदा कपाटात.

रात्रीच पुठ्ठ्यावर लाल फुली काढून कार्ड केलं. तीन दिवस त्याला द्यायच्या प्रत्येक वस्तूआधी मी त्या फुलीवर बोट ठेवून दाखवलं. आज सकाळी पोहे पुढे ठेवले, वरून शेव घालून, रोजच्यासारखे. त्याने शेवेकडे बोट दाखवलं आणि मग फुलीवर बोट ठेवलं. मी शेव काढून घेतली. पोहे सगळे खाल्ले त्याने.

शेव त्याला आवडते म्हणून मी इतकी वर्षं मुद्दाम जास्त घालत आले.