मदत हवी आहे: एकतर्फी लिंकमुळे नेटवर्कचा कणा तुटतो

१०० × १०० मीटरवर २०० सेन्सर नोड, रेंज १८ मीटर. युनिट डिस्क ग्राफ (रेंजच्या आतले नोड जोडलेले, बाहेरचे नाहीत, असं मॉडेल) धरून आधी मॅक्सिमल इंडिपेंडंट सेट (आपसांत न जोडलेल्या नोडांचा, आणखी एकही नोड घालता येणार नाही असा संच), मग तो जोडणारे नोड, असा कणा (सगळ्यांची पॅकेटं पुढे नेणारे मोजके नोड) काढला. कागदावर चोख: आपसांत न जोडलेले शेजारी एका नोडला जास्तीत जास्त पाचच. पण सिम्युलेशनमध्ये लॉग-नॉर्मल शॅडोइंग (अडथळ्यांमुळे सिग्नल कसाही कमी-जास्त होणं) घातलं की 'अ'चं पॅकेट 'ब'ला पोचतं, पोचपावती मात्र येत नाही. कण्याचे तुकडे पडतात. एकतर्फी कडा (ग्राफमधल्या लिंक) गाळल्या तर ग्राफ जोडलेला राहतो, कणा मात्र फुगतो. नोड स्थिर, जीपीएस नाही, फक्त दोन हॉपपर्यंतची (शेजारी आणि त्यांचे शेजारी) माहिती, पॉवर वाढवता येणार नाही (बॅटरी!). क्वासी युनिट डिस्क ग्राफ (आतल्या त्रिज्येत लिंक नक्की, बाहेरच्या त्रिज्येपलीकडे नाहीच, मधे अनिश्चित) घेतला की पाचाची मर्यादा सुटणार, हे मान्य. पण त्यातल्या आतल्या-बाहेरच्या त्रिज्या, अंतरं ठाऊक नसताना, पॅकेट पोचण्याच्या किती टक्क्यांवर ठरवायच्या?