प्रतिसाद: कब्ज की बेअर्स?

शिकागोच्या संघांच्या चाहत्यांत जास्त सोसलंय कुणी, कब्जवाल्यांनी (Cubs, बेसबॉल) की बेअर्सवाल्यांनी (Bears, अमेरिकन फुटबॉल), यावर वर बहुतेकांनी कब्जला कौल दिलाय. १०८ वर्षं विजेतेपद नव्हतं हे मान्य, पण २०१६ मध्ये त्यांचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं की! बेअर्सवाले अजून १९८५ च्या विजेत्या संघावरच दिवस काढतायत. जानेवारी २०१९, ईगल्सविरुद्ध बेअर्स १५-१६ असे मागे, शेवटचे काही सेकंद. बेअर्सच्या पार्कीची सामना जिंकून देऊ शकणारी किक आधी गोलच्या डाव्या खांबावर, मग आडव्या दांड्यावर आपटून बाहेर! (ईगल्सच्या खेळाडूचं बोट लागलं होतं म्हणून नंतर ती 'अडवलेली' ठरली, पण तोवर बिचाऱ्याने शिव्या खाऊन झाल्या होत्या.)

आणि व्हाइट सॉक्सना (शिकागोचाच दुसरा बेसबॉल संघ) कुणी विचारतच नाही. २००५ ची वर्ल्ड सिरीज (बेसबॉलचं विजेतेपद) ८८ वर्षांनी जिंकली, तरी कौतुक कब्जचंच. २०२४ मध्ये तर १२१ सामने हरले. माझं मत त्यांच्या चाहत्यांना.