मान राखून मिळालेली मदत : बडोद्याच्या भरल्या घरांचे अनुभव

प्रतापनगरची लेक

काल संध्याकाळी शेजारच्या गच्चीवर एक तरुण जोडपे नव्या गव्हाला दिवेल चोळत बसले होते. एरंडेलाचा तो वास आला आणि मी पन्नास वर्षे मागे, प्रतापनगरच्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचले.

घरात आम्ही अकरा माणसे होतो. आजी-आजोबा, आई-बाबा, विधवा आत्या आणि तिचा मुलगा, कॉलेजात शिकणारा धाकटा काका आणि आम्ही चार भावंडे. मिळवते एकटे बाबा, रेल्वेत. १९७४ साल गुजरातला जडच गेले होते. महागाईने लोक हैराण झाले होते, नवनिर्माण आंदोलन पेटले होते आणि फेब्रुवारीत मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला होता. त्यात ८ मे रोजी देशभरचा रेल्वे संप सुरू झाला आणि तो २७ मेपर्यंत चालला. बाबा संपात होते. बडोद्यातल्या घरांत वर्षाचे गहू भरण्याचेही नेमके हेच दिवस असतात. आमच्या घराला वीस किलोच्या मणाने तीस मण गहू लागत, आणि त्यासाठी आईने वर्षभर भिशीतून जमवलेले पैसे घरभाड्यात आणि दुधात संपून गेले होते.

हाथीखान्यातील ज्या व्यापाऱ्याकडून आम्ही दरवर्षी गहू घेत असू, त्यांना आजोबांनी निरोप पाठवला की यंदा गहू पाठवू नका, आम्ही महिन्याच्या महिन्याला लागेल तसे नेऊ. त्यानंतर तिसऱ्या दिवशी भर दुपारी गव्हाच्या पोत्यांनी भरलेली हातलारी आमच्या दारात उभी राहिली आणि तिच्यामागून ते शेठ स्वतः चालत आले. आजोबांना ते म्हणाले, "काका, गोडाउनमां जग्या नथी. तमारे त्यां राखो, दिवाळीए हिसाब करीशुं." टंचाईच्या त्या वर्षी त्यांचे गोदाम अर्धे रिकामे होते आणि आजोबांनी ते आठच दिवसांपूर्वी डोळ्यांनी पाहिले होते. आजोबा क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मग एवढेच म्हणाले, "ठेवा." त्या रात्री आई आणि आत्या दिवेल चोळत बसल्या होत्या आणि दोघींच्या डोळ्यांना धार लागली होती.

दिवाळीत बाबा पहिला हप्ता घेऊन गेले, तेव्हा चोपड्यात आमच्या नावावर काहीच मांडलेले नव्हते. मेहताजींना किंवा गादीवर बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला आमची उधारी दिसू नये, म्हणून शेठनी तो हिशेब एका चिठ्ठीवर लिहून स्वतःच्या खणात ठेवला होता. ती रक्कम फेडायला आम्हाला तीन दिवाळ्या लागल्या.

भरल्या घराची ओढाताण चालू असताना कोणी असा हात दिला असेल, आणि देताना आपली मान खाली जाऊ दिली नसेल, तर तो अनुभव येथे अवश्य लिहावा.

दांडियाबाजारकर

आम्ही पाच बहिणी आणि दोन भाऊ. तिसऱ्या बहिणीच्या लग्नापर्यंत वडिलांचे हात पूर्ण रिकामे झाले होते. आचाऱ्याशी पानामागे दर ठरला होता आणि पंगत उठली की पत्रावळी मोजायच्या, असा व्यवहार होता. वडील स्वभावाने काटेकोर असल्याने त्यांनी प्रत्येक पंगत स्वतः मोजली होती. एकूण दोनशे बारा पाने उठली होती, आणि आचाऱ्याने संध्याकाळी हिशेब दिला तो एकशे चाळीसचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच वडील उरलेल्या बहात्तर पानांचे पैसे देण्यासाठी त्यांच्या घरी गेले, खरे तर उसने मागून घेऊन गेले. आचारी म्हणाले, "दादासाहेब, मी मुलांची ताटे कधीच मोजत नाही." बहात्तर मुले त्या लग्नात नव्हतीच. वडिलांनी पुष्कळ आग्रह केला, पण त्यांनी हात पुढे केला नाही. चौथीच्या आणि पाचवीच्या लग्नातही स्वयंपाक त्यांचाच होता आणि त्या दोन्ही वेळी वडिलांनी पानांचे पैसे लग्नाच्या आधीच मोजून दिले.

नवी सून

मूळ लेख वाचून मन भरून आले. एक प्रश्न विचारते, कारण यंदा आम्ही प्रथमच वर्षाचे गहू भरत आहोत. मणाला दिवेल किती लावावे?

प्रतापनगरची लेक

आमच्याकडे वीस किलोला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम लावत असत. गहू आधी कडक उन्हात वाळवून पूर्ण निवू द्यावेत आणि मगच हाताने चोळावेत, म्हणजे प्रत्येक दाण्याला लागते. त्या वर्षीचे दिवेलही शेजारच्या बांनी दिले होते. "डबा उघडला आहे, उरले तर खवट होईल," असे त्या म्हणाल्या होत्या.

वाडीतली मोठी

वडिलांना १९७८ साली अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा आम्ही सहा भावंडे होतो आणि सर्वात धाकटा दीड वर्षाचा होता. आई कधी एकटी बाजारातही गेलेली नव्हती. आमच्या शेजारी राहणाऱ्या बेन एका सकाळी येऊन म्हणाल्या की त्यांना महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवणकाम शिकायला जायचे आहे, पण एकटीने जायला संकोच वाटतो, तेव्हा आईने सोबतीला यावे. ही संस्था १९१४ पासून बडोद्यातील बायकांना शिकवत आणि हाताला काम देत आली आहे, हे आईला ऐकून माहीत होते, परंतु आपण तेथे जावे असे तिच्या मनात कधी आले नव्हते. दोघी रोज दुपारी जाऊ लागल्या. बेनच्या सासूबाई त्या वेळात आमच्या धाकट्याला सांभाळत आणि वडिलांना वेळेवर औषध देत.

चार महिन्यांनी आईला नियमित काम मिळू लागले आणि त्याच आठवड्यात बेननी जाणे बंद केले. त्यांच्या यजमानांचे कापडाचे दुकान चांगले चालत होते आणि त्यांच्या घरी शिवणयंत्रही होते, त्यामुळे त्यांना त्या शिक्षणाची काहीच गरज नव्हती. आईला हे कळायला काही वर्षे गेली. तिने विचारले, तेव्हा बेननी "मला खरोखरच कंटाळा येत होता" असे म्हणून विषय बदलला. आज मागे वळून पाहते तेव्हा मला त्या चार महिन्यांतील दुपारच्या उन्हाचे फार अप्रूप वाटते, कारण एखाद्याला पैसे देणे तुलनेने सोपे असते, परंतु शंभर दुपारी त्याच्याबरोबर चालत जाणे ही गोष्ट फार थोड्यांना जमते.

सुरसागरकाठ

वाडीतल्या ताई, तुमच्या बेनना माझा नमस्कार कळवा. त्या असतील तर.

वाडीतली मोठी

त्या आहेत. नवसारीला मुलीकडे असतात. आज रात्री फोन करून तुमचा नमस्कार नक्की सांगते.

बाबाजीपुऱ्यातून

आमच्याकडे सात मुलांना एकापाठोपाठ एक गोवर आला होता. डॉक्टरकाका जवळजवळ पंधरा दिवस रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून घरी येत असत. शेवटी आजीने पदराच्या गाठीतले पैसे सोडून फी विचारली, तेव्हा त्यांनी एकाच भेटीची फी घेतली आणि म्हणाले, "घर एक, आजार एक, फी एक."

याच्या उलट अनुभवही लिहावासा वाटतो. त्याच काळात एका नातेवाइकांनीही आम्हाला मदत केली होती, आणि ती रकमेने डॉक्टरांच्या फीपेक्षा पुष्कळ मोठी होती. त्यांचे ऋण मी नाकारत नाही. मात्र पुढची पंधरा वर्षे प्रत्येक लग्नमुंजीत त्या रकमेचा उल्लेख चारचौघांत होत असे, आणि त्या वेळी आई ताटाकडे पाहत जेवत असे. डॉक्टरकाकांचे नाव काढले की तीच आई हसत असे.

मांडवीचा वाचक

आम्ही दोघे भाऊ पाठोपाठच्या वर्गांत विज्ञान शिकत होतो, घरात आणखी पाच जण शिकणारे होते आणि विकतच्या पुस्तकांचा विचारही शक्य नव्हता. १९१० साली सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने सुरू झालेली सेंट्रल लायब्ररी हाच आमचा आधार होता. संदर्भाची पुस्तके घरी देत नसत आणि परीक्षेच्या दिवसांत ती हाती लागणेही कठीण होई. तेथील एक कर्मचारी आम्हाला लागणारी दोन पुस्तके रोज संध्याकाळी आमच्यासाठी काढून ठेवत, आणि आम्ही पोचलो की न बोलता टेबलावर आणून ठेवत. आम्ही त्यांना कधीच काही सांगितले नव्हते. माझ्या भावाची वही पाठकोऱ्या कागदांची शिवलेली असे, ती त्यांनी पाहिली असावी.

कारेलीबागेतील धाकटा

माझा अनुभव अलीकडचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत आमचे नऊ जणांचे घर केवळ माझ्या वहिनीच्या पगारावर चालले होते, कारण दादाची शाळेची व्हॅन आणि माझे मंडपाचे काम दोन्ही बंद होते. वहिनीने दूधवाल्या काकांना सांगितले की उद्यापासून तीन पिशव्यांऐवजी एकच द्या. दुसऱ्या दिवशी दारात तीनच पिशव्या होत्या. तिने फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "सवयीने ठेवल्या गेल्या, आता परत नेता येत नाहीत." ती सवय जूनपर्यंत टिकली आणि बिल दर महिन्याला एकाच पिशवीचे आले. व्हॅन पुन्हा सुरू झाल्यावर दादाने सर्व पिशव्यांचे पैसे नेऊन दिले. ते त्यांनी घेतले, आणि त्यांनी ते घेतले म्हणून दादाला फार बरे वाटले.

रावपुऱ्याची

इतके सगळे वाचून मलाही लिहावेसे वाटते, मात्र माझ्या अनुभवात मदत करणाऱ्याचा पत्ताच नाही. वर्ष १९८३. रावपुऱ्यातील एका वाड्यात आमच्यासह सहा बिऱ्हाडे राहत होती आणि आम्ही आठ जण मागच्या खोल्यांत राहत होतो. विजेची दोन बिले थकली होती आणि तिसरे आले तेव्हा आईने ते जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवले होते, ते दिसेनासे झाले. मीटर तोडायला माणूस येणार म्हणून आम्ही भावंडांनी दुपारीच अभ्यास उरकून घेतला. तो माणूस आला, त्याने कागद पाहिला आणि तुमचे सगळे बिल भरलेले आहे असे सांगून निघून गेला. चार दिवसांनी भरलेल्या बिलाची पावती त्याच कोनाड्यात ठेवलेली सापडली. तिच्यावर वडिलांचेच नाव होते.

वडील त्या रविवारी पाचही दारांवर गेले. वरच्या मजल्यावरचे मास्तर नाही म्हणाले, समोरच्या काकू नाही म्हणाल्या, घरमालक तर रागावलेच की त्यांना असे का विचारता. आता तेथे इमारत उभी आहे आणि बिऱ्हाडे कुठल्या कुठे पांगली आहेत. विहिरीजवळ कडुनिंब असलेला आणि दारावर गणपती कोरलेला तो वाडा येथे कोणाला आठवत असेल आणि त्यांच्या घरात या बिलाविषयी कधी काही बोलणे झाले असेल, तर कृपया मला कळवावे. वडील एक्याण्णव वर्षांचे आहेत आणि अजूनही विचारतात.