मदत हवी आहे: आईची गरगर थांबली, पण तोल अजून सावरत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही पारोळा तालुक्यातले. आई ६४ वर्षांची. अडीच महिन्यांपूर्वी पहाटे उठली आणि तिला घर फिरायला लागलं. दोन दिवस उलट्या, डोळे उघडवेनात. पक्षाघात तर नाही ना, म्हणून धुळ्याला नेलं. एमआरआय चांगला आला, ऐकूही नीट येतं. डॉक्टर म्हणाले, व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस, म्हणजे आतल्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेला सूज.

चक्करच्या गोळ्या सुरुवातीचे काही दिवसच दिल्या. जास्त दिवस घेतल्या तर मेंदू नव्या परिस्थितीला सरावत नाही, म्हणून बंद करून फिजिओथेरपी सांगितली. अंगठा हातभर लांब धरायचा, नखावर नजर ठेवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. नख पुसट दिसता कामा नये. शिवाय पावलापुढे पाऊल टेकवत भिंतीलगत चालायचं.

अडचण इथेच आहे. मान हलवली की तिला थोडी चक्कर येते. फिजिओ म्हणतात, तेवढी यायलाच हवी, काही मिनिटांत ओसरली की झालं. जास्त वेळ राहिली तर वेग कमी करा. पण आई दहा वेळा मान हलवते, खाटेची पाटी घट्ट धरते आणि म्हणते, "नको रे भाऊ, माले चक्कर येस." मावशी तिची बाजू घेते. आता ती दिवसभर पडून असते. भाकरी थापायलाही वाकत नाही. रात्री लाइट गेली की मोरीपर्यंत एकटी जाऊ शकत नाही, कारण अंधारात डोळ्यांचा आधारच जातो. माझा जीव तुटतो.

मामा मोबाईलवर बघून तिची मान वळवून 'कानातले खडे' बसवायला निघाले होते. मी थांबवलं. एप्लीची ती पद्धत कानातले कण सरकले असतील तर चालते. आईची ती तपासणी नॉर्मल होती.

ज्यांच्या घरी हाच आजार झाला त्यांना विचारतो: व्यायाम सुरू केल्यावर किती आठवड्यांनी फरक जाणवला? भीती कशी घालवलीत? आणि जळगाव किंवा धुळ्यात तोलाच्या त्रासावर काम करणारे फिजिओ शोधताना नेमकं काय विचारावं? दर खेपेला एसटीचा प्रवास तिला सोसत नाही, तेव्हा घरी करून घेण्याची कुणाची काही रीत असेल तर तीही सांगा.