मदत हवी आहे: ई-कोर्ट्सचा तालुका न्यायालयाचा निधी कुठे विचारायचा?

आमच्या तालुका न्यायालयात ई-फायलिंग करायचं म्हटलं की दावा, वकीलपत्र, कागदपत्रं सगळं बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून आणावं लागतं. आवारात ई-सेवा केंद्राची (ई-फायलिंगला मदत करणाऱ्या केंद्राची) पाटी आहे, स्कॅनर मात्र बंद. (पाटी अगदी नवीकोरी आहे!)

ई-कोर्ट्स म्हणजे न्यायालयांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना; तिच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2023 मध्ये चार वर्षांसाठी 7,210 कोटी मंजूर केले. त्यात ई-सेवा केंद्रांसाठी वेगळी तरतूद आहे. मग आमच्या केंद्राच्या नावे काही आलं का, एवढंच बघायचंय.

तोंडी विचारलं तर 'वरून येतं' हे उत्तर. वकील संघाने लेखी पत्र दिलं, त्याची पोच आहे. मग माहिती अधिकारात अर्ज केला, तर 'माहिती उपलब्ध नाही'. कलम 6(3)खाली, माहिती ज्यांच्याकडे असेल त्या कार्यालयाकडे तो पुढे पाठवलाही नाही. अपिलाची मुदत अजून आहे. तक्रार करून कुणाशी वाकडं घ्यायचं नाही, रोज तिथेच उभं राहायचंय.

कुणी असा तालुकानिहाय खर्च मिळवलाय का? नवा अर्ज जिल्हा न्यायालयाकडे, उच्च न्यायालयाकडे की दिल्लीच्या न्याय विभागाकडे करायचा, आणि आधी अपील करणं गरजेचं आहे का?